चार सेंटीमीटर: मुंबई बंदरातून वणीला गेलेल्या तीन डंपरचं प्रकरण

आधी माल काय होता ते सांगतो. १०० टन क्लासचे तीन डंपर, म्हणजे पाठीवर साधारण ९० टन घेऊन खाणीत फिरणारे. जहाजातून मुंबई बंदरात उतरलेले आणि पोचवायचे यवतमाळ जिल्ह्यात, वणीच्या पट्ट्यातल्या एका ओपनकास्ट कोळसा खाणीवर. कोळशाच्या वरचा जो माती-दगडाचा थर असतो त्याला तिकडे सगळे ओबी म्हणतात, तो काढायचं कंत्राट ज्या कंपनीकडे होतं तिने या गाड्या घेतल्या होत्या, नाव इथे नको. मी तेव्हा ट्रान्सपोर्टरकडे ऑपरेशन्स बघायचो, म्हणजे परवानग्या, रूट सर्व्हे, ट्रेलर लावणं, आणि काही बिनसलं की शिव्यांचे फोन घेणं. यावेळी बिनसलं ते माझ्याच एका आकड्यामुळे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

नातेवाईकांपासून टोलवाल्यापर्यंत सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, अहो त्याला चाकं आहेत इंजिन आहे, मग चालवत का नेत नाही. तर असं आहे की रस्त्यावरच्या गाडीला कायद्याने रुंदी २.६ मीटर, आणि हा गडी बॉडीसकट साडेपाच मीटरच्या वर. रिकामा असला तरी वजन ७० टनांच्या आसपास आणि एक्सल फक्त दोन, म्हणजे एका एक्सलवर तीस टनांहून जास्त, आणि २०१८ ला लिमिट वाढवल्यावरही चार टायरच्या सिंगल एक्सलला परवानगी आहे ११.५ टनांची. डांबराचं काय होईल ते सोडा, पहिल्या मोरीलाच आत जाईल. शिवाय त्याचे टायर खाणीतल्या छोट्या फेऱ्यांसाठी बनवलेले असतात, भरून जा, रिकामं ये, मधे जरा थांब. तासन्तास सलग पळवले तर आतून तापतात आणि सुटतात, आणि एका टायरची किंमत ऐकली की माणूस गप्प होतो.

म्हणून गाडी खोलायची. बॉडी, म्हणजे मागचा माल भरायचा हौदा, वेगळी, सहा टायर वेगळे, बाजूच्या जाळ्या-शिड्या-रेलिंग वेगळं, आणि उरलेली चासी ट्रेलरवर. टायरची एक गंमत सांगतो, २७.००आर४९ साइजचा टायर आडवा ठेवला तर व्यास जवळपास २.७ मीटर, म्हणजे नुसता टायरसुद्धा कायद्याने ओडीसी, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरचा माल, होतो! मग तो उभा ठेवायचा, खाली गुटके मारायचे आणि साखळीने आवळायचा. असे अठरा टायर. त्यांच्या तीन गाड्या आरामात पुढे गेल्या, त्यांच्याबद्दल पुढे काही सांगण्यासारखं नाही.

खरी भांडणं झाली बॉडीवरून. डंपरच्या मालकाचं म्हणणं बॉडी अख्खी न्या, कापाकापी नको, प्लेट कडक आहे, वेल्डिंग नीट नाही झालं तर दगड पडून तडा जाईल आणि मग कंपनी वॉरंटीत हात वर करेल. त्याचं चुकत नव्हतं. पण साडेपाच मीटरची बॉडी घेऊन हायवेने जायचं म्हणजे काय ते टोलनाक्यावर कळतं. नाक्याची साधी लेन ३.२ मीटर, कडेला एक रुंद लेन ओडीसीसाठी ठेवलेली असते ती ४.५ मीटर. म्हणजे प्रत्येक नाक्यावर एकतर बाहेरच्या कच्च्या पट्टीवरून जा, नाहीतर उलट्या बाजूने घुसवा, आणि आपल्या रूटवर नाके बोटावर मोजण्याएवढे नाहीत. मग कोणीतरी सुचवलं की बॉडी तिरकी ठेवू, रुंदी कमी होईल. होते ना, पण जेवढी रुंदी कमी होते तेवढी उंची वाढते, मी कागदावर त्रिकोण काढून दाखवला की रुंदी साडेचारच्या आत आणायला बॉडी इतकी तिरकी करावी लागेल की वरचं टोक साडेपाच मीटरच्या पलीकडे जाईल, आणि हायवेवरच्या पुलाखालची मोकळी उंचीच साडेपाच असते. उताणी ठेवा, पालथी ठेवा, हिशोब तोच.

शेवटी गोदीच्या बाहेर एका यार्डात तिन्ही बॉड्या लांबीत मधोमध कापल्या. कुठे कापायचं ती रेघ बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने स्वतः येऊन आखून दिली, वॉरंटीचं पत्र आधी मागवलं आणि मगच गॅस कटर पेटवला. अर्ध्या भागाची रुंदी तीन मीटरच्या आत आली. साध्या लो-बेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर, गेल्या त्या.

आता चासी. टायर-बॉडीशिवाय पन्नास टनांच्या आसपास. ही साध्या ट्रेलरवर बसवली तर वजनाची परवानगीच मिळत नाही, हायड्रॉलिक एक्सल लागतो, एका ओळीत आठ टायर आणि अशा सहा ओळी. एका ओळीवर १८ टनांपर्यंत चालतं, आमचं ट्रेलरच्या स्वतःच्या वजनासकट साडेबाराच्या आत होतं, म्हणजे त्या बाजूने निवांत. ज्यांनी हायड्रॉलिक एक्सल जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, याची खरी करामत डेकची, म्हणजे माल ठेवायच्या पाटाची, उंची बदलण्यात आहे. प्रत्येक चाकाच्या जोडीवर तेलाचा सिलिंडर असतो, त्याने डेक मधल्या उंचीपासून तीसेक सेंटीमीटर वर घेता येतो आणि तेवढाच खाली बसवता येतो. रस्ता वर-खाली झाला तरी सिलिंडर आपसात तेल ढकलून सगळ्या चाकांवर वजन सारखं ठेवतात. म्हणजे खालच्या खड्ड्याला काही चाकं खाली उतरतात, उंचवट्याला काही वर दबतात आणि डेक सपाट राहतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे, आणि मला तेव्हा लक्षात राहिलं नव्हतं!

उंचीचा हिशोब मी असा केला. टायर काढलेली चासी कॅबच्या टोकापर्यंत ३.६५ मीटर, हबखाली लाकडी स्लीपर १५ सेंटीमीटरचे, कारण नुसत्या डेकवर ठेवली तर खालचे पार्ट टेकतात. झाले ३.८०. डेक चालताना १.१८, म्हणजे एकूण ४.९८, फॉर्ममध्ये ५ मीटर. जिथे अडचण असेल तिथे डेक पूर्ण खाली, ०.८८, म्हणजे ४.६८. रूटवर सगळ्यात कमी उंचीची जागा म्हणजे खाणीच्या अलीकडचं एक रेल्वे फाटक, वरून २५ हजार व्होल्टची वायर गेलेली, त्यामुळे दोन्ही बाजूंना लोखंडी गेज, म्हणजे उंचीची मर्यादा दाखवणारी चौकट, आणि त्यावर ४.७८ लिहिलेलं. ४.६८ आणि ४.७८, दहा सेंटीमीटर मोकळे. मी सर्व्हे रिपोर्टवर टिक मारली आणि पुढच्या पानावर गेलो.

रूट कसाऱ्याने का नाही हे मालकाने तीनदा विचारलं, कारण नाशिकमार्गे अंतर बरंच कमी. पण कसाऱ्याचा चढ आणि वळणं, त्यात चार मीटरच्या वर रुंद लोड, एकदा अडकलं की मागे शहापूरपर्यंत रांग आणि मग पोलीस, पत्रकार, आमदार सगळेच येतात. आम्ही धरला लांबचा, भिवंडीवरून वाडा–मनोर, तिथून अहमदाबाद हायवेने पलसाणा, मग बारडोली, व्यारा, नवापूर, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, आणि खाली बुटीबोरी, जामवरून वरोरा. साधारण ११५० किलोमीटर. यात घाट म्हटला तर कोंडाईबारीचा, तो कसाऱ्याच्या मानाने माणसात आहे.

पुलांची परवानगी हा वेगळाच अध्याय. नवीन पुलांचं डिझाइन करताना आता ३८५ टनांच्या स्पेशल गाडीचा भार धरतात, १८ टनांच्या वीस ओळी आणि पुढे घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारं इंजिन, आपल्या तर सहाच ओळी. पण राज्य रस्त्यावरचे जुने पूल आले की सही करणारा इंजिनिअर पेन हातात घेऊन थांबतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीचा पूल गेला, तेव्हापासून कोणी डोळे मिटून सही करत नाही, आणि करूही नये. अटी ठरलेल्या असतात, पुलावर एकटाच लोड, मधोमध, पाच किलोमीटरच्या स्पीडने, ब्रेक मारायचा नाही, गिअर बदलायचा नाही. ऐकायला सोप्या वाटतात. मागे शंभर गाड्या हॉर्न मारत असताना पाचच्या स्पीडने पूल ओलांडून बघा.

निघायच्या आदल्या दिवशी अजून एक घोळ सापडला, तो माझा नव्हता, अकाउंटमधल्या पोराचा. त्याने ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल, बनवताना गाडीचा प्रकार रेग्युलर निवडला. पोर्टल पिनकोडवरून सरळ रस्त्याने अंतर काढतं, साधारण ९०० आलं, आणि साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस म्हणजे पाच दिवसांची व्हॅलिडिटी. ओडीसी निवडलं असतं तर २० किलोमीटरला एक दिवस, ४५ दिवस! आम्ही दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर जाणार, पाचव्या दिवशी कुठेतरी गुजरातच्या हद्दीत बिल मेलं असतं, मग मुदत संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच वाढवून घ्या, नाहीतर दंड. मुलाला ओरडलो नाही कारण ड्रॉपडाउनमधली ती एक ओळ कोणाच्याही नजरेतून सुटते. बिलं रद्द करून नवीन काढली.

मुंबईतून रात्रीच निघावं लागतं. पहिल्या रात्री मानखुर्द, वाशी, कळंबोली करत पहाटे भिवंडीच्या अलीकडे लागलो. तिन्ही चासी एका पाठोपाठ, पुढे पायलट गाडी, मागे एक, आणि मधे टेम्पोत खलाशी लोक, म्हणजे जड माल बांधणारे-हलवणारे कामगार. त्यांचा मुकादम पन्नाशीचा, रत्नागिरीकडचा, सगळे त्याला तात्या म्हणायचे आणि मीही. तात्यांचं मुख्य हत्यार म्हणजे टोकाला आडवी पट्टी बांधलेला लांब बांबू, वाळलेला, कारण ओला बांबू करंट घेतो. गावातून जाताना एक पोरगा डेकवर उभा राहून केबलवाल्यांच्या, टेलिफोनच्या वायरी बांबूने उचलून धरणार, लोड खालून सरकणार, मग वायर हळूच सोडायची. विजेच्या लाइनला मात्र तात्या हात लावू द्यायचे नाहीत. लाइनमन बोलवा, लाइन बंद करून घ्या, वेळ गेला तर जाऊ दे. वाड्याच्या रस्त्यावर असे किती थांबे घेतले ते मोजायचं सोडून दिलं.

अहमदाबाद हायवे सरळ गेला. कोंडाईबारीत पहाटे चढवलं, मागून दुसरा घोडा लावून ढकलत, उतारालाही तोच मागे बांधून, की पुढच्याचे ब्रेक तापले तर हा धरून ठेवेल. धुळ्यानंतर ऊन असं की दुपारी बारा ते चार ड्रायव्हर लोक ट्रेलरच्या सावलीत झोपायचे, जेवढी चासी मोठी तेवढी सावली मोठी, एवढाच काय तो या लोडचा फायदा. अकोल्याच्या पुढे वळवाचा एक सपाट्याचा पाऊस झाला आणि समोरून घाईत आलेल्या बसला जागा द्यायला दुसऱ्या ट्रेलरच्या ड्रायव्हरने डावीकडची चाकं डांबराच्या खाली घेतली. विदर्भातली काळी माती! कोरडी असताना दगड, ओली झाली की लोणी. मागच्या दोन ओळी वीतभर आत गेल्या. हायड्रॉलिकने त्या ओळी वर उचलल्या, खाली लोखंडी प्लेटा सारल्या, पुढून दोन घोडे जोडले, साडेपाच तास. त्यानंतर नियम केला, बस येवो नाहीतर बारात येवो, डांबर सोडायचं नाही.

अठराव्या दिवशी वरोरा पार करून पाटाळ्याला वर्धा नदी ओलांडली. पूर आला की हा रस्ताच बंद पडतो म्हणून तर पावसाच्या आत पोचायची सगळी धडपड होती. पूल मागे पडल्यावर मी मालकाला फोन करून सांगितलं की उद्या दुपारी गाड्या साइटवर. असं कधी बोलू नये हो.

फाटकावर दुपारी अकराला पोचलो. रेल्वेला आधीच कळवलेलं होतं, गाड्यांच्या मधली वेळ ठरवून घेतलेली. पहिल्या ट्रेलरच्या ऑपरेटरने गेजच्या अलीकडे डेक पूर्ण खाली बसवला, तात्यांनी टेप लावला, ४.६८, बरोब्बर. मी खूश. तेवढ्यात गेटमन केबिनमधून बाहेर आला, लोडकडे बघितलं, मग रुळाकडे, मग परत लोडकडे.

"भाऊ, गेजखालून वाकून याल हो, पण रुळावर चढल्यावर उठणार ना हे?"

मला पहिल्यांदा समजलंच नाही. तात्यांना समजलं, त्यांनी टेप गुंडाळायचा थांबवला. रूळ रस्त्यापेक्षा उंच होते, दोन्हीकडून चढ आणि मधे कुबड, जसं बहुतेक फाटकांवर असतं. डेक पूर्ण खाली बसवला की सिलिंडर तळाला टेकतात, चाकांना वर दबायला जागाच उरत नाही. मग कुबडावर आलं की मधल्या ओळींवर सगळं वजन येणार, नाहीतर डेकचं पोट रुळाला घासणार. कुबड पार करायला डेक निदान चौदा सेंटीमीटर वर ठेवावा लागतो, असं ऑपरेटरने तिथेच सांगितलं, आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, जसं काही हे सगळ्यांनाच माहीत असतं. ४.६८ आणि १४. चार ब्याऐंशी. गेजपेक्षा चार सेंटीमीटर जास्त, आणि तेही नेमकं वायरच्या खाली.

मी गेटमनला म्हणालो, दादा, चारच सेंटीमीटर आहे, वायर तर बरीच वर दिसते. तो हसला पण नाही.

"वायर पंचवीस हजारची हाय भाऊ. तिले तुमच्या चार सेंटीमीटरचं काय पडलंय?"

बरोबरच होतं त्याचं. एवढ्या व्होल्टेजला टेकायची गरज नसते, जवळ गेलं तरी उडी मारते, म्हणून तर गेज वायरच्या इतकं खाली ठेवलेलं असतं. त्याच्याशी वाद घालण्यात मी जी दहा मिनिटं घालवली त्याची मला अजून लाज वाटते.

पर्याय एक, रेल्वेकडे अर्ज करून पॉवर ब्लॉक घ्यायचा, वायर बंद करून लोड काढायचा. नागपूर डिव्हिजनला अर्ज, फी, तारीख, तोवर तीन हायड्रॉलिक सेटचं रोजचं भाडं चालू. पर्याय दोन ड्रायव्हर लोकांकडून आला, ट्रेलरच्या टायरमधली हवा कमी करा, दोन-तीन बोटं खाली येईल. पन्नास टन लोड, अर्धवट हवेचे टायर, आणि रुळाच्या मधोमध एखादा रिंगवरून सुटला तर? नको. पर्याय तीन, कॅब उतरवायची, तर वायरिंग, हायड्रॉलिक पाइप, एसी सगळं खोला, कंपनीचा मेकॅनिक मागवा.

तात्या तोवर उकिडवे बसून चासीच्या खाली बघत होते. म्हणाले, "साहेब, हे स्लीपर सहा इंची कशाला लावले?"

कशाला म्हणजे, गोदीत तेच होते. खालचा सगळ्यात लोंबणारा पार्ट डेकपासून किती वर आहे ते त्यांनी हात घालून मोजलं, जवळपास साडेचार इंच मोकळे निघाले. म्हणजे तीन इंची स्लीपर घातले तरी दीड इंच उरतो. सहाचे तीन, साडेसात सेंटीमीटर कमी, ४.८२ चे ४.७४५. साडेतीन सेंटीमीटर गेजच्या खाली.

वणीच्या लाकूड वखारीतून तीन इंची जाड फळ्या कापून आणल्या, बाभळीच्या. लोड बाजूच्या मोकळ्या जागेत घेतले. साखळ्या सोडल्या, चार कोपऱ्यांना चार जॅक, एका वेळी एकच कोपरा आणि तोही बोटभरच, खाली लगेच गुटका, मग पुढचा कोपरा. जुना स्लीपर घणाने ठोकून बाहेर, नवी फळी आत, उतरवताना परत तसंच एकेक कोपरा. तात्या कोणाला चासीखाली मान घालू देत नव्हते, फळी आत सारायची ती लांब सळईने. एका चासीला साडेतीन-चार तास. पहिली संध्याकाळपर्यंत झाली, उरलेल्या दोन दुसऱ्या दिवशी. मग परत साखळ्या, परत टेप, आणि यावेळी टेप मी स्वतः धरला, डेक चौदा सेंटीमीटर वर ठेवून. ४.७५ दाखवला, अर्धा सेंटीमीटर फळीचा असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेने दिलेल्या वेळात तिन्ही लोड एकामागून एक गेले. गेटमन दोन्ही वेळा गेजखाली जाऊन उभा राहिला, आत येताना आणि बाहेर पडताना, मान वर करून. प्रत्येक लोड पलीकडे गेला की झेंडी गुंडाळून पुढच्याला हात करायचा. बोलला काही नाही.

साइटवर क्रेनने उतरवलं, टायर चढवले. बॉडीचे अर्धे भाग जोडायला त्यांनी वेल्डर लावले, प्लेट आधी तापवून मग वेल्डिंग, नंतर जॉइंट तपासून घेतले, त्यात बरेच दिवस गेले आणि तोवर पाऊस लागलाच होता. मालकाने आमच्या बिलातून दोन दिवसांचं डिटेन्शन, म्हणजे गाड्या अडकून राहिल्याचे पैसे, कापलं. मी भांडलो नाही. आमच्या ऑफिसात मात्र मीटिंग झाली आणि सूर असा निघाला की साइटची माणसं नीट नव्हती, सर्व्हे वेंडर बदलू, लेझर मीटर घेऊ. मला ते पटलं नाही आणि अजून पटत नाही. सर्व्हे ठीक होता, गेजचा आकडा बरोबर लिहिलेला, रुळाच्या कुबडाचा फोटोसुद्धा होता त्यात, पान नऊवर. मी तो फोटो पाहिला होता. फक्त हायड्रॉलिकला खालीसुद्धा जागा लागते हे ज्याला रोज माहीत असतं त्या ऑपरेटरला ते पान कोणी दाखवलं नव्हतं, कारण तो पहिल्यांदा भेटला तो थेट गोदीच्या गेटवर, निघायच्या रात्री.

आता फॉर्मवर उंचीच्या रकान्याखाली मी पेनाने अजून एक ओळ आखतो, फाटकावरची उंची, आणि ती ऑपरेटरकडून भरून घेतो. सहा इंची स्लीपर तात्या परत घेऊन गेले, म्हणाले चांगलं लाकूड आहे, टाकायचं कशाला.